कस्टम हँडलवर जीपीएस लावताना नळी सोडा, बोल्ट बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाइकचं कंपनीचं हँडल काढून तुम्ही कस्टम हँडल लावलंय, मधे जाड आणि दोन्ही बाजूंना निमुळतं होत गेलेलं, बऱ्यापैकी वर उचललेलं, स्विचच्या वायरी आतून नेलेल्या. आता जीपीएसबरोबर जो क्लॅम्प आला तो कुठेच नीट बसत नाहीये. मधल्या जाड भागावर त्याचं तोंडच मिटत नाही, निमुळत्या भागावर बसतो पण थोडं अंतर गेलं की युनिट मान टाकतं, आणि ग्रिपच्या जवळ स्विच, लिव्हर, आरसा यांनी सगळी जागा खाल्लीये. कुणीतरी सल्ला दिलाय की हँडलला सरळ भोक पाडा आणि बोल्ट टाका, आणि तुम्ही विचारताय की ते करू का दुसरा एखादा माउंट घेऊ, घेतला तर कुठला.

भोक पाडू नका, अजिबात नाही. बाकी सगळं वाचायला वेळ नसला तरी एवढं नक्की वाचा. हँडल म्हणजे पोकळ नळी आहे, तिच्यावर तुमचं वजन, ब्रेक मारताना येणारा जोर, खड्ड्यातले धक्के हे सगळं वाकवणाऱ्या ताणाच्या रूपाने येतं आणि हा ताण सगळ्यात जास्त असतो तो मधल्या क्लॅम्पच्या जवळ, म्हणजे नेमका तिथे जिथे जीपीएस लावावासा वाटतो. गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला हाच ताण आजूबाजूच्या साधारण तिप्पट होतो. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही, पहिल्या महिन्यातही होणार नाही, पण तिथून बारीक चीर सुरू होते आणि ती वाढत जाते, त्यात हँडल अॅल्युमिनियमचं असेल तर अजूनच वाईट कारण अॅल्युमिनियमला स्टीलसारखी सुरक्षित मर्यादा नसते की याच्या खाली कितीही वेळा हलवलं तरी चालेल, प्रत्येक झटका कुठेतरी जमा होत राहतो. आणि हँडल तुटतं तेव्हा आधी सांगून तुटत नाही. तुम्ही म्हणाल वायरिंगसाठी कंपनीने भोकं पाडलेलीच आहेत की, बरोबर, पण ती कमी ताणाच्या जागी असतात, कडा गोल केलेल्या असतात आणि भिंतीची जाडी त्या हिशेबाने धरलेली असते. शिवाय तुमच्या वायरी आतून जातात, ड्रिलचं टोक आत गेल्यावर कुठली वायर सोलेल हे वरून कळणार नाही.

वेल्डिंग करून पट्टी लावायचा विचार असेल तर त्याबद्दलही इथेच सांगतो. अॅल्युमिनियमचं हँडल हीट ट्रीटमेंट करून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा आजूबाजूच्या भागातून निघून जातो, आणि काही मिश्रधातू, उदाहरणार्थ 7075, तर साध्या पद्धतीने वेल्ड होतच नाहीत. स्टीलचं हँडल बनवून घेत असाल तर बनवणाऱ्यालाच आधी सांगून क्रोम किंवा पावडर कोटिंगच्या आधी छोटी पट्टी लावून घेता येते, ते ठीक. तयार, क्रोम झालेल्या हँडलवर नंतर वेल्डिंग नको.

आता मूळ मुद्दा. अशा हँडलवर नळीला कसं धरायचं याचा विचार करत बसलं की माणूस एकामागून एक क्लॅम्प विकत घेत राहतो. मी अशी कामं करताना प्रश्न उलटा विचारतो, की या बाइकवर हँडलबरोबर फिरणारा, आधीपासूनच घट्ट असलेला आणि नजरेच्या जवळ असलेला बोल्ट कुठला आहे? नळीवरची पकड फक्त घर्षणावर असते. बोल्टवर लावलेला बेस घर्षण संपलं तरी जागा सोडत नाही. कंपनीच्या हँडलवर सरळ, एकसारख्या जाडीची नळी मिळते म्हणून घर्षणावर भागतं, कस्टममधे नेमकी तीच गोष्ट नसते.

तरीही आधी माप घ्या, कारण अर्ध्या वेळा अडचण मापातच असते. व्हर्नियर कॅलिपर घ्या, अंदाज नको. साधी हँडल 22 मिलिमीटरची असतात, क्रूझर प्रकारात 25.4 म्हणजे एक इंच, तुमच्यासारखी मधे जाड असतात ती बहुधा मधे 28.6 आणि ग्रिपकडे परत 22, आणि मोठ्या उंच हँडलांमधे 31.75 किंवा 38 पर्यंत जाडी जाते पण ग्रिपकडे 25.4च राहते. जीपीएसबरोबर येणारे बरेच क्लॅम्प 22 ते 25.4 एवढाच विचार करून बनवलेले असतात म्हणून मधे तोंड मिटत नाही. 28.6 घेणारा क्लॅम्प सहज मिळतो, त्यात विशेष काही नाही. पण निमुळत्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे क्लॅम्प पूर्ण रुंदीने टेकतच नाही, एकाच कडेवर टेकतो, आणि जरा थरथर झाली की पातळ बाजूकडे सरकतो, सरकला की सैल पडतो, सैल पडला की फिरतो. तुमचं युनिट मान टाकतं ते यामुळे. कितीही आवळा, आवळून हे सुटत नाही, उलट नळीवर खोच पडते आणि पातळ अॅल्युमिनियमच्या नळीवर खोच म्हणजे परत तीच चिरेची सुरुवात. क्रोमवर आणखी एक त्रास असतो, पृष्ठभाग इतका गुळगुळीत की पाणी आलं की पकड गेलीच.

म्हणून आता बोल्ट बघू.

माझी पहिली पसंती असते हँडल धरणाऱ्या क्लॅम्पचे वरचे बोल्ट, म्हणजे रायझरच्या (हँडलला वर उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांच्या) टोपीचे चार बोल्ट असतात ते. बहुतेक बाइकवर ते 8 मिलिमीटरचे असतात. जागा बरोबर मधोमध, हँडलबरोबर फिरणारी, आणि हलायचा प्रश्नच नाही. बाजारात या बोल्टच्या जागी बसणारे बॉल असलेले बेस मिळतात (बॉलवर आर्म आणि आर्मवर युनिट बसतं), किंवा दोन बोल्टवर बसणारी छोटी प्लेट मिळते. पण इथे काळजी घ्यायची ती मनापासून घ्या, कारण हे बोल्ट जीपीएससाठी नाहीयेत, ते तुमचं हँडल धरतायत. बोल्टच्या डोक्याखाली प्लास्टिक किंवा रबर कधीच येऊ द्यायचं नाही. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू चेपत जातं, बोल्टची ओढ कमी होते आणि हँडल क्लॅम्पमधे फिरू शकतं, ते पण ब्रेक मारताना, जेव्हा तुमचं सगळं वजन हँडलवर असतं. धातूची प्लेट, धातूचा स्पेसर, कडक वॉशर, एवढंच. दुसरं म्हणजे प्लेटची जेवढी जाडी वाढली तेवढा बोल्ट लांब घ्यायचा, जुनाच वापरला तर आत जाणारे आटे कमी होतात. रायझर अॅल्युमिनियमचा असेल तर बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट, म्हणजे 8 च्या बोल्टला 12 मिलिमीटर तरी आटे आत पाहिजेत. आणि फार लांबही नको, भोक आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं, असेल तर बोल्ट तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो पण टोपी सैलच असते, हे फार फसवं आहे. बोल्टचा दर्जा मूळ बोल्टवर जो आकडा असेल तोच किंवा वरचा घ्या, 8.8 असेल तर 8.8. सजावटीचे चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट इथे नकोत, त्यातले बरेच ताकदीला कमी असतात. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, वापरा, आकडा तुमच्या बाइकच्या किंवा रायझरच्या कागदावरचा घ्या, आणि पुढचे आधी की मागचे आधी हेही त्यात असतं ते पाळा.

मला स्वतःला यापेक्षाही आवडणारी पद्धत अशी, की मूळ बोल्ट पूर्ण टॉर्कने हँडलसाठी आवळायचा आणि बॉल त्याच्या वर वेगळा लावायचा. काही बोल्ट असे येतात की ज्यांच्या डोक्यात वरून आटे पाडलेले असतात, त्यात बॉलचा स्क्रू जातो. मग उद्या जीपीएस काढला, बॉल सैल झाला, काहीही झालं तरी हँडलच्या पकडीला धक्का लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे टॉप योक, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाइप वरच्या बाजूला ज्या प्लेटमधे धरलेले असतात ती. तिच्या मधे स्टिअरिंगचा मोठा नट असतो आणि बऱ्याच बाइकवर, खासकरून स्पोर्ट प्रकारात, तो आतून पोकळ असतो. त्या पोकळीत आतून फुगणारा रबरी खुंटा बसवून त्यावर बॉल लावता येतो. क्लिप-ऑन हँडल असेल, जिथे हँडल म्हणून वर काही नळीच नसते, तिथे माझ्या मते हीच जागा. भोकाचा आतला व्यास मोजून त्याच मापाचा खुंटा घ्यावा लागतो, एकच खुंटा सगळ्यांना होत नाही. पण तुमचं हँडल उंच आहे. तुमच्यासाठी ही जागा फार खाली पडेल, स्क्रीन बघायला हनुवटी छातीला लावावी लागेल आणि ते धोक्याचं आहे.

तिसरी, क्लच लिव्हरचा जो ब्रॅकेट हँडलला धरलेला असतो त्याचे दोन बोल्ट, साधारण 6 मिलिमीटरचे. त्यातला एक काढून बॉल असलेला बोल्ट टाकता येतो. उंच हँडलला ही जागा नजरेच्या जवळ येते म्हणून चांगली. पण 6 चा बोल्ट छोटा आहे, टॉर्क कमी असतो, तेव्हा युनिट हलकं आणि आर्म आखूड असेल तरच. शिवाय काही लोक हा ब्रॅकेट मुद्दाम जरासा कमी आवळतात, बाइक पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी ब्रॅकेट फिरावा म्हणून, तसं तुम्ही केलं असेल तर जीपीएसच्या वजनाने तो रोजच फिरेल. ब्रेकच्या बाजूला ऑइलच्या डब्याच्या झाकणाचे स्क्रू काढून तिथे बसणारे बेस पण मिळतात. मी ते टाळतो. झाकणाखाली रबरी पडदा असतो आणि त्या दोन छोट्या स्क्रूवरच त्याचं सील अवलंबून असतं, त्यावर हलणारं वजन टांगलं की कधीतरी ऑइल पाझरतं, आणि ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं. ब्रेक हा भाग आहे तसाच राहू द्यावा, मला तिथे दुसरं काही लावायला जीव धजत नाही.

चौथी जागा आरशाचं भोक. आरसा जिथे आट्यांवर बसतो तिथे त्याच्या खाली चपटी प्लेट घालून त्यावर बॉल. बहुतेक ठिकाणी 10 चे आटे असतात, काही बाइकवर 8 चे. काढताना जपून, काही बाइकवर, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलवर, उजव्या आरशाला उलटे आटे असतात, नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर तुम्ही आवळत असता. या जागेचा तोटा असा की नजर मधून बाजूला जाते आणि आरसा जिथे थरथरतो तिथे स्क्रीन पण थरथरणार. फायदा असा की उंच हँडलवर इथेही स्क्रीन खरोखर डोळ्यांच्या जवळ येते.

हँडलला आडवा दांडा असेल तर त्यावर छोटा क्लॅम्प छान बसतो कारण तो दांडा सरळ आणि एकसारखा असतो, आणि तिथे घर्षण पुरतं. पुढे मोठी काच किंवा फेअरिंग असेल तर तिच्या स्टेवर, म्हणजे तिला धरणाऱ्या दांड्यावर, लावणं हे हँडलपेक्षाही चांगलं, तिथे युनिट फिरत नाही आणि जवळजवळ रस्त्याच्या रेषेत येतं. तुमच्या वर्णनावरून यातलं काही नसावं असं दिसतं.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत रायझरचा बोल्ट, आणि तिथून स्क्रीन फार खाली वाटली तर क्लचच्या बाजूचा आरसा. पण हे पूर्णपणे परिस्थितीवर आहे आणि मी तुमची बाइक पाहिलेली नाही. रायझर किती उंच आहे, तुम्ही स्वतः किती उंच, सीट किती खाली, हेल्मेटची हनुवटी किती पुढे येते, यावर रायझरची जागा दिसते की नाही ते ठरतं. त्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. युनिटच्या मापाचा पुठ्ठा कापा, जिथे लावायचं तिथे टेपने चिकटवा, हेल्मेट आणि जॅकेट घालून बसा, मित्राला बाइक सरळ धरायला सांगा आणि समोर रस्त्याकडे बघा. नंतर डोकं न हलवता फक्त डोळे खाली करून पुठ्ठा दिसतो का ते बघा. डोकं हलवावं लागत असेल तर जागा चुकली. ताशी 60 च्या वेगाने एका सेकंदात बाइक जवळजवळ 17 मीटर जाते, आणि मान खाली करून परत वर आणायला सेकंद सहज लागतो.

पुठ्ठा लावलेलाच असताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. टाकीला, मीटरला, काचेला, तुमच्या गुडघ्याला काही लागतं का, किल्ली फिरवायला हात जातो का, मीटरवरचे इंडिकेटरचे आणि ऑइलचे दिवे झाकले जातात का. तेवढ्यातच क्लच केबल आणि ब्रेकची होज पण बघून घ्या. उंच हँडल लावल्यावर केबल आधीच ताणलेल्या असतात, त्यात माउंटचा एखादा कोपरा मधे आला की वळवताना केबल अडकते. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आवाज जर मधेच वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, मग जीपीएस बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.

आता आर्म. बेसवर एक बॉल, युनिटच्या पाठीवर दुसरा बॉल आणि दोन्हीला धरणारा मधला आर्म, ही रॅम माउंटने रूढ केलेली पद्धत आहे आणि आता बरेच जण तसं बनवतात. साधारण दोन-अडीचशे ग्रॅमच्या युनिटला एक इंची बॉल पुरतो. युनिटच्या पाठीमागे बहुतेक वेळा चार भोकांचा ठरलेला नमुना असतो, 30 बाय 38 मिलिमीटरचा, तो असला की कुठल्याही कंपनीचा बॉल बसतो, खरेदीच्या आधी तेवढं तपासा. आर्म मिळतो त्यातला सगळ्यात आखूड घ्या आणि फारच गरज पडली तरच लांब. आर्मची लांबी वाढली की थरथर नुसती वाढत नाही, तिचं स्वरूपच बदलतं, बारीक थरथरीचं रूपांतर मोठ्या हेलकाव्यात होतं, आणि त्याच प्रमाणात बॉलला फिरवणारा जोर वाढतो. छडीच्या टोकाला कुलूप बांधून हलवून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. रबरी बॉलवर तेल, ग्रीस, चमक आणणारा स्प्रे काही लावू नका, त्याची पकडच जाते. बाइक धुतल्यावर वरून पॉलिश मारतात त्यात हे नकळत होतं आणि मग लोक माउंटला दोष देतात.

थरथरीचं आणखी एक. तुमचं इंजिन कुठलं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. मोठं सिंगल सिलिंडर किंवा मोठं व्ही-ट्विन असेल तर धक्के जोरदार असतात, चार सिलिंडरचं असेल तर थरथर बारीक पण सतत असते, आणि ती हातापेक्षा कनेक्टरला जास्त त्रास देते. बाइकसाठीच बनवलेली युनिट, गार्मिनची झुमो किंवा टॉमटॉमची रायडर वगैरे, ही थरथर धरूनच बनवलेली असतात. तुम्ही जीपीएस म्हणून फोन लावणार असाल तर गोष्ट बदलते. फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स स्थिर ठेवणारी छोटी चुंबकीय यंत्रणा असते आणि बाइकच्या थरथरीने ती खराब होऊ शकते, अॅपलने स्वतः 2021 मधे तशी सूचना काढली होती की ताकदवान इंजिनच्या मोटारसायकलवर आयफोन थेट लावू नका. म्हणून फोन असेल तर मधे थरथर शोषणारा डँपर पाहिजेच, किंवा कॅमेऱ्याची फिकीर नसलेला जुना फोन वापरा, मी बऱ्याच जणांना हेच सांगतो. आणि डँपर घातला की आर्मची लांबी आणखी कमी करा, नाहीतर डँपरच डोलायला लागतो.

स्क्रीनचा कोन ठरवताना गॉगल घालून बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर काही स्क्रीन एका विशिष्ट कोनात पूर्ण काळ्या दिसतात, उभ्या ठेवल्या तर दिसतात आणि आडव्या ठेवल्या की नाही, किंवा उलट. हे घरीच कळलेलं बरं. उपग्रहाच्या सिग्नलची चिंता फार करू नका, उघड्या हँडलवर आकाश मोकळंच असतं, जाड धातूच्या पट्टीखाली युनिट लपवलं नाही म्हणजे झालं.

वायरिंगकडे येतो. तुमच्या बाकीच्या वायरी नळीतून जातात म्हणून जीपीएसची पण आत घालावी असं वाटेल, दिसायला स्वच्छ दिसतं. मी घालत नाही. नळीत आधीच गर्दी, बाहेर पडायच्या भोकाच्या कडेवर वायर घासते, आणि जीपीएसची वायर ही सगळ्यात आधी बदलायची वेळ येणारी वायर असते, तेव्हा ती बाहेरूनच न्या. स्टिअरिंगच्या अक्षाच्या जितक्या जवळून नेता येईल तितकी न्या कारण तिथे वळताना वायरीची हालचाल सगळ्यात कमी असते, हँडल टोकापर्यंत वळवल्यावर ताण येणार नाही एवढा ढिलेपणा ठेवा, आणि बांधताना पट्टी वायर चेपेल इतकी आवळू नका.

पॉवर कुठून घ्यायची? इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या लाइनवरून. थेट बॅटरीवर लावलेला कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज जीपीएसला लागेल तेवढा करणारा डबा) युनिट बंद असतानाही थोडा करंट ओढत राहतो आणि बाइक काही आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते. जीपीएसला साधारण 10-15 वॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर जास्तीत जास्त सव्वा अँपिअर, एवढ्याशा भारासाठी वेगळा रिले लागत नाही, पण फ्यूज लागतो, 2 किंवा 3 अँपिअरचा, आणि तो जिथून पॉवर घेतली त्या टोकाजवळ, युनिटजवळ नाही. वायर मधे कुठे सोलली तर वाचवायचं असतं ते त्या वायरीला. हेडलाइटच्या वायरीवरून घेऊ नका. काही छोट्या आणि जुन्या बाइकवर हेडलाइट बॅटरीवर नसतोच, थेट अल्टरनेटरच्या एसीवर चालतो आणि ते तुमचा कन्व्हर्टर जाळेल. बाइकवर डिजिटल कंट्रोल बॉक्स बसवलेला असेल, कस्टममधे तो बऱ्याचदा असतो, तर त्यावर जोडसाधनांसाठी वेगळं आउटपुट असतं तेच वापरा, मधेच दुसऱ्या एखाद्या वायरीवर जोड घेतला तर जास्तीच्या भाराने बॉक्स ती लाइन बंद करू शकतो. आणि बाइक जुनी ब्रिटिश असेल तर एक मोठी खबरदारी, त्यातल्या अनेकांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे फ्रेमला बॅटरीचा प्लस जोडलेला. तिथे नेहमीच्या सवयीने काळी वायर फ्रेमला लावली तर उलटं जोडलं जाईल, आणि वायरी बरोबर जोडल्या तरी युनिटचा धातूचा भाग फ्रेमला टेकता कामा नये. अशा बाइकवर मी दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेतो, मधे फ्यूज आणि स्विच, फ्रेमवर काहीच अवलंबून ठेवत नाही.

जोड सोल्डर करण्यापेक्षा क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून पक्का करा. सोल्डर तारांमधे पुढे झिरपतं, तिथे वायर कडक होते, आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच थरथरीने तुटते. चांगल्या पकडीने क्रिंप, वरून चिकट आवरण असलेली हीट श्रिंक, बस.

शेवटची जुळणी करताना धातूच्या स्क्रूंना निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. पण तो युनिट ज्यात बसतं त्या प्लास्टिकच्या पाळण्यावर किंवा युनिटच्या बॉडीवर सांडू देऊ नका, बऱ्याच प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात आणि दोष दिसतो तोपर्यंत पाळणा तुटलेला असतो. जिथे स्क्रू प्लास्टिकमधे जातो तिथे नायलॉनचा लॉकनट किंवा स्प्रिंग वॉशर पुरे. आणि युनिटला एक बारीक दोरी किंवा स्टीलची तार बांधा, ती माउंटच्या कुठल्याच भागाला न बांधता हँडललाच बांधा, म्हणजे माउंटचा कुठलाही तुकडा सुटला तरी युनिट लटकेल, पुढच्या चाकात जाणार नाही. दोरीची लांबी चाकापर्यंत किंवा टाकीवर आपटेल इतकी नको.

बसवून झालं की जवळच एक चक्कर मारून या, खराब रस्ता असलेला बरा, आणि परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवीन जोड पहिल्यांदा जरा बसतात, विशेषतः पावडर कोटिंगवर, कोटिंग दबतं आणि ओढ कमी होते. रायझरचे बोल्ट तर टॉर्क पान्यानेच तपासा. हँडल क्लॅम्पजवळ मार्कर पेनने एक रेघ मारून ठेवा, अर्धी नळीवर आणि अर्धी क्लॅम्पवर, ती रेघ तुटलेली दिसली म्हणजे हँडल फिरलंय. तसंच बॉल आणि आर्मवर करा.

म्हणजे तुमच्या तीन प्रश्नांना उत्तरं अशी झाली. भोक नाही. निमुळत्या भागावर कुठलाच क्लॅम्प नाही, कितीही महाग असला तरी. आणि माउंट कुठला हे आधी ठरवायचं नाही, पुठ्ठा लावून जागा ठरवा, त्या जागेचा बोल्ट मोजा, मग त्या मापाचा बेस आणि आखूड आर्म घ्या.

नक्की बेस सुचवायला मला तुमच्याकडून इतकं लागेल: रायझरच्या वरच्या बोल्टची जाडी आणि लांबी, ते भोक आरपार आहे की आंधळं, आरशाच्या आट्यांचं माप, इंजिन कुठलं आणि लावणार आहात ते बाइकचं युनिट की फोन. हँडलचा समोरून आणि बसल्या जागेवरून असे दोन फोटो असतील तर फारच उत्तम.